खेळ मुलांचा, किल्ली कोणाची?

गेल्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, दिवाळी आठवड्यावर आली असताना, मायक्रोसॉफ्ट या अमेरिकी कंपनीने 'विंडोज १०' या आपल्या संगणक प्रणालीचा आधार काढून घेतला. जुलै २०१५मध्ये बाजारात आलेली ही प्रणाली दहा वर्षांत कोट्यवधी घरांत आणि कार्यालयांत स्थिरावली होती. त्या दिवशी कोणाचे यंत्र बंद पडले नाही. परंतु प्रणालीतील सुरक्षेची भगदाडे बुजविणारी जी डागडुजी दरमहा आपोआप होत असे, ती थांबली. नावनोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना तेवढी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची वाढीव मुदत मिळाली. 'विंडोज ११'वर जावे म्हटले, तर यंत्रात 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-व्यवस्था हवी आणि प्रोसेसरही ढोबळमानाने २०१७च्या उत्तरार्धानंतरचा हवा. या अटींपायी जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात निघू शकतील, असा अंदाज 'कॅनालिस' या बाजारअभ्यास संस्थेने डिसेंबर २०२३मध्येच वर्तविला होता.

चोवीस कोटी हा आकडा वाचून मनावर काही उमटत नाही. एक संगणक पाहिला की उमटते. दिवाळीत आम्ही नंदुरबारला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याच्या खोलीत २०१६ साली घेतलेला संगणक. सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि त्यात त्याने बक्षिसाच्या व राखीच्या पैशांतून बसविलेले जुन्या बाजारातले ग्राफिक्स कार्ड. यंत्र ठणठणीत. तथापि गावातील एका विक्रेत्याने ते पाहून निकाल दिला की, यात आता काही राम नाही, नवा घ्या, चाळीस-पंचेचाळीस हजारांत चांगला बसेल. मेहुण्यांच्या शिक्षकी पेशातील पगाराला हा आकडा पेलणारा नव्हता. त्यातच मुलाचा बारावीचा शिकवणीवर्ग. मेहुणे म्हणाले, "खेळायलाच तर वापरतो, राहू दे तसाच." भाचा गप्प होता. त्याचे गप्प बसणे आम्हांला बोचले आणि हा अग्रलेख त्या गप्प बसण्यातून निघाला आहे.

संगणकावरील खेळांवर अग्रलेख कशासाठी, असा प्रश्न काही ज्येष्ठ वाचकांस पडेल. पडणे स्वाभाविक आहे. पण जरा आपल्याच घरात डोकावून पाहावे. घरातील संगणकावर कोणती प्रणाली असावी, हे घरातील कर्त्या मंडळींनी कधी ठरविले आहे काय? वडिलांना बँकेचे काम आणि दोन पत्रे टंकलिखित करायची असतात, आईला व्हिडिओ पाहायचे असतात. ही कामे कोणत्याही प्रणालीवर होतात. अडते ते चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या खेळापाशी. खेळ विंडोजवर चालतो म्हणून विंडोज. मुक्त स्रोताची, म्हणजे जिची मूळ संहिता कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येते अशी 'लिनक्स' प्रणाली गेली तीस वर्षे फुकट उपलब्ध असूनही आपल्या घरांच्या उंबरठ्याबाहेर राहिली, त्याचे सर्वांत मोठे कारण हे आहे. आज ते कारण बहुतांशी उरलेले नाही, आणि ही गोष्ट आपल्या मध्यमवर्गापर्यंत अद्याप पोहोचलेली नाही.

विंडोजची सवय आपल्याला लागली कशी, हेही पाहिले पाहिजे. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि 'एमएस-सीआयटी' या अभ्यासक्रमाने तालुक्या-तालुक्यांत संगणक नेला. शासकीय नोकरीसाठी ते प्रमाणपत्र आवश्यक झाल्यावर शहादा-तळोद्याच्या पोरांनीही माउस हाती धरला. हे काम मोठेच झाले, यात वाद नाही. पण त्या शिक्षणाचा रोख विंडोज आणि ऑफिस यांवर राहिला आणि एक अख्खी पिढी 'संगणक म्हणजे विंडोज' हे समीकरण शिकून बाहेर पडली. (एमएस-सीआयटीतील 'एमएस' म्हणजे मायक्रोसॉफ्ट, असे छातीठोकपणे सांगणारे लोक आम्हांला भेटले आहेत. ते 'महाराष्ट्र स्टेट' आहे.) त्याच काळात सायबर कॅफेत 'प्रोजेक्ट आयजीआय', 'व्हाइस सिटी', पुढे 'क्रिकेट ०७' हे खेळ आले. कोणी ते विकत घेतले? पन्नास रुपयांची सीडी एकाने आणायची आणि गल्लीभर फिरवायची. खुद्द विंडोजही तसेच. संगणक जुळवून देणारा माणूस सीडी खिशात घेऊनच येई. प्रणालीचे पैसे वेगळे असतात, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होते? २०१७ साली भारतातील संगणकांवर बसविलेल्या आज्ञावलींपैकी ५६ टक्के विनापरवाना होत्या, असे 'बीएसए' या आज्ञावली-उद्योगांच्या संघटनेच्या पाहणीत नोंदविले आहे. हा आकडा विक्रेत्यांच्या संघटनेचा असल्याने त्यात थोडे मीठमसाला असेल, असे कोणी म्हणेल. म्हणावे. पण आपापल्या कपाटावर हात ठेवून म्हणावे.

येथे कटू वाटले तरी एक गोष्ट बोलली पाहिजे. स्वदेशीच्या सभांना जाणाऱ्या, परदेशी शीतपेय घरात न आणणाऱ्या घरांतही चोरीची अमेरिकी प्रणाली बिनदिक्कत नांदत आली आहे. आमच्या बहिणीचे घर त्यांपैकी एक होते. परकीय वस्तू वापरण्यात कमीपणा नाही. परकीय वस्तू चोरून वापरायची आणि वर तिच्यावाचून आपले चालत नाही म्हणायचे, यात मात्र आहे.

आता बदलले काय ते पाहू. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३पासून चालविलेल्या 'ग्नू' प्रकल्पाची साधने आणि परवाना त्याला मिळाला. विंडोजसाठी लिहिलेल्या आज्ञावली लिनक्सवर चालविण्याची 'वाईन' नावाची खटपट १९९३पासून सुरू होती; पण खेळांच्या बाबतीत ती अपुरी पडे. मग २०१२ साली 'विंडोज ८' आले आणि त्यात मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान मांडले. संगणकी खेळांच्या विक्रीचे सर्वांत मोठे दुकान 'स्टीम'. ते चालविणाऱ्या 'व्हॉल्व्ह' या अमेरिकी कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल यांनी ही प्रणाली सर्वांसाठी अनर्थकारक असल्याचे जाहीरपणे सांगितले. ज्याच्या जागेत आपण दुकान थाटले, तोच शेजारी गाळा काढू लागला तर पोटात गोळा येणारच. व्हॉल्व्ह लिनक्सकडे वळली ती या भीतीने. २०१५मधील तिचा पहिला प्रयत्न साफ फसला. पण ऑगस्ट २०१८मध्ये तिने वाईनवर आधारलेली 'प्रोटॉन' ही जोडणी खुली केली, फेब्रुवारी २०२२पासून 'स्टीम डेक' हे लिनक्सवर चालणारे हातातले खेळयंत्र विकायला काढले, आणि चित्र पालटले.

प्रोटॉन करतो काय? नंदुरबारच्या मिरची बाजाराचा दाखला त्याला चपखल बसतो. धडगावच्या डोंगरातून आलेला पावरा शेतकरी पावरी बोलतो, गुजरातेतून आलेला व्यापारी गुजराती, हमाल अहिराणी. कोणी कोणाची भाषा शिकत बसत नाही. मधला अडत्या दोन्ही बाजू समजतो, म्हणून सौदा होतो. विंडोजसाठी लिहिलेला खेळ विंडोजच्याच भाषेत यंत्राकडे मागणी करतो. वाईन ती ऐकून लिनक्सच्या भाषेत पुढे पोहोचविते. आणि पडद्यावर चित्र उमटविण्याच्या 'डायरेक्ट-थ्रीडी' भाषेतील आज्ञा 'डीएक्सव्हीके' हा दुसरा दुभाषा 'व्हल्कन' या खुल्या भाषेत उतरवितो. खेळाला कळतही नाही की आपण परक्या अंगणात आहोत. या दुभाषांची संहिता खुली आहे, हेही महत्त्वाचे. उद्या व्हॉल्व्ह बुडाली, तरी दुभाषे राहतील. नव्या विंडोजवर रुसून बसणारे कित्येक जुने खेळ वाईनवर मुकाट चालतात, ही गंमत वेगळीच.

स्टीमच्या मासिक पाहणीत लिनक्सवर खेळणाऱ्यांचे प्रमाण ऑक्टोबर २०२५मध्ये प्रथमच तीन टक्क्यांच्या वर गेले. तीन टक्के म्हणजे फार नव्हेत. पण ज्या महिन्यात विंडोज १०चा आधार सुटला, त्याच महिन्यात ते गेले.

आता उणी बाजू. ती लपविली तर वाचकांची फसवणूक होईल. ज्या खेळांत अनोळखी माणसांशी इंटरनेटवरून झुंजायचे असते, त्यांत लबाडी पकडणारी पहारेकरी आज्ञावली बसविलेली असते. अशा काही आज्ञावली प्रणालीच्या थेट गाभ्यात शिरून बसतात आणि लिनक्स त्यांना चालत नाही. 'व्हॅलोरंट' आणि 'फोर्टनाइट' लिनक्सवर चालत नाहीत. 'एपेक्स लेजंड्स' चालत होता. २०२४च्या अखेरीस कंपनीने दार लावून घेतले. त्याच वर्षी 'जीटीए'च्या जाळ्यावरील भागाचेही तेच झाले. यांत तांत्रिक अडचणीपेक्षा कंपनीची इच्छा हा भाग मोठा आहे, कारण 'बॅटलआय' व 'ईझी अँटी-चीट' या दोन प्रचलित पहारेकऱ्यांनी २०२१मध्येच प्रोटॉनसाठी वाट ठेवली आहे. उलट 'काउंटर-स्ट्राइक २' आणि 'डोटा २' हे अशाच झुंजीचे खेळ मुळातूनच लिनक्ससाठी बनविलेले आहेत. म्हणजे खेळाचा प्रकार आड येत नाही. मालकाची मर्जी येते.

आमच्या भाच्याला याची झळ लागली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी शहाद्याच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आणलेल्या पेनड्राइव्हवरून त्याने लिनक्स मिंट बसविले. एकट्याने खेळायच्या त्याच्या बारा खेळांपैकी दहा पहिल्याच फटक्यात चालले, एक थोड्या खटपटीने चालला, एक चाललाच नाही. पण सुरतेच्या मावसभावांबरोबर रोज रात्री नऊला तो जो नेमबाजीचा खेळ खेळे, तो नेमका पहारेकऱ्याच्या जातीतला निघाला. मेहुणे म्हणाले, विंडोज एका कोपऱ्यात राहू दे. ती विंडोज परवान्याची नव्हती. भाच्याने दोन दिवस विचार केला आणि ती काढून टाकली. सुरतकरांचा संघ त्याच्यावाचून खेळतो आहे. त्याने त्यांना दुसरा खेळ सुचविला आहे. अजून त्यांचे मन वळलेले नाही. सोळा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ही किंमत लहान नाही. तत्त्वाच्या गोष्टी सांगताना ती आपण मोठ्यांनी विसरू नये.

ज्यांना हा प्रयोग करावयाचा आहे, त्यांनी प्रथम पेनड्राइव्हवरूनच प्रणाली सुरू करून पाहावी. यंत्रातील काहीही न पुसता ती चालते. आवाज, वायफाय, प्रिंटर हे सारे तपासता येते. फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. एएमडीच्या ग्राफिक्स कार्डाचे चालक लिनक्समध्ये अंगभूतच असतात, त्यामुळे तेथे त्रास कमी. एनव्हिडियाचे चालक वेगळे बसवावे लागतात. आणि ज्या जुन्या यंत्राच्या ग्राफिक्स चिपला व्हल्कनच येत नाही, उदाहरणार्थ दहा-बारा वर्षांपूर्वीचे पुष्कळ स्वस्त लॅपटॉप, त्यावर अभ्यास, पत्रव्यवहार, चित्रपट सर्व सुखाने होईल. नवे खेळ होणार नाहीत. मुलांना तसे आधीच सांगावे. मराठी टंकलेखनाची सोय मात्र सोबतच येते, इन्स्क्रिप्टसकट. आणखी एक अडचण आपल्या जिल्ह्याची म्हणून सांगतो. आजचा एक मोठा खेळ उतरवून घ्यायचा तर पन्नास ते शंभर गिगाबाइट लागतात. नंदुरबार शहरात हे रात्रीतून होईल; अक्राणीच्या पाड्यावर मोबाइलची कांडी दिसली तरी देव पावला. एकाने उतरविलेले खेळ आपापल्या खात्यावर घेतलेल्या दुसऱ्याला डिस्कवरून देता येतात. ती नक्कल चोरीची नव्हे, हे येथे मुद्दाम सांगतो.

याला स्वदेशी म्हणावे काय? आम्ही तसे म्हणणार नाही. लिनक्स फिनलंडच्या मुलाचे, प्रोटॉन अमेरिकी कंपनीचे, दुकानही तिचेच. आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. 'सी-डॅक'ने 'बॉस' ही लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली २००७ साली आणली, मराठीसह भारतीय भाषांच्या सोयीने. केंद्र शासनाने मार्च २०१५मध्ये मुक्त स्रोताचे धोरण स्वीकारले. संरक्षण मंत्रालयाने २०२३मध्ये 'माया' ही लिनक्सवर बेतलेली प्रणाली आपल्या संगणकांवर आणण्याचा निर्णय घेतला. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवर चालतात. इतके असून 'बॉस' किती घरांत दिसते? आमच्या मते चूक झाली ती ही, की स्वदेशीचा आग्रह आपण कचेरीत धरला, मुलांच्या खोलीत धरला नाही. माणूस केवळ कर्तव्यबुद्धीने प्रणाली बदलत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर त्याला जे हवेसे वाटते, ते जिथे मिळेल तिथे तो राहतो. एका विक्रेत्याने स्वार्थापोटी सात वर्षांत जे साधले, ते आपल्या शासकीय परिपत्रकांना अठरा वर्षांत साधले नाही.

नंदुरबारला तर हे मुळीच परके नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभली या जनजातीबहुल गावात तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिले 'आधार' क्रमांक वाटले गेले. त्या योजनेची मागची सारी यंत्रणा कोणा एका विक्रेत्याच्या मुठीत जाऊ नये, म्हणून ती जाणीवपूर्वक मुक्त स्रोतावर उभारली गेली. नोंदणीच्या टेबलावरील लॅपटॉपवर तेवढी विंडोज होती. टेंभलीच्या ग्रामस्थांनी बोट टेकविले, तेव्हा या मागच्या बाजूची चर्चा कोणी केली नाही. करण्याचे कारणही त्या वेळी दिसले नसेल. ते जुलै २०२५मध्ये दिसले. युरोपीय संघाने निर्बंध लादताच मायक्रोसॉफ्टने गुजरातमध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्प चालविणाऱ्या 'नायरा एनर्जी'च्या सेवा थांबविल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले; काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाल्या. भारतीय भूमीवर, भारतीय कायद्याने चालणाऱ्या उद्योगाची पत्रपेटी ब्रुसेल्सच्या निर्णयाने बंद होते, ही गोष्ट साधी नव्हे. अर्थात लिनक्सही राजकारणाच्या वाऱ्यापासून मुक्त नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये निर्बंधांच्याच कारणाने काही रशियन तंत्रज्ञांची नावे त्याच्या देखभालकर्त्यांच्या यादीतून वगळली गेली. फरक एवढाच, पण तो मोठा आहे: त्यांना यादीतून काढता आले, त्यांच्या हातातली संहिता काढून घेता आली नाही.

खेळांविषयी पालकांच्या मनात जो संशय आहे, त्यातला एक भाग रास्त आहे. पैसे लावून खेळण्याच्या जाळ्यावरील जुगाराने अनेक घरे नासविली. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने कायदा करून त्याला बंदी घातली आणि त्याच कायद्यात ई-क्रीडेला मान्यता दिली, हा भेद योग्यच झाला. पण सरसकट खेळांना नाक मुरडण्याचे कारण नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या चमूने २०२० साली 'राजी' हा खेळ प्रसिद्ध केला. दुर्गा आणि विष्णू यांच्या कृपेने असुरांशी लढणारी एक मुलगी त्याची नायिका, आणि भिंतींवरच्या चित्रांतून कथा उलगडते. बुद्धिबळाचा उगम सांगताना आपली छाती फुगते; तसा नवा खेळ घडविणाऱ्या मुलांना मात्र आपण विचारतो, "पण नोकरीचे काय?" जो मुलगा खेळ चालत नाही म्हणून रात्री अकरा वाजता प्रणालीच्या पोटात शिरून चूक शोधतो, तो त्या रात्री पुष्कळ काही शिकलेला असतो. आमच्या भाच्याचा तो एक अडलेला खेळ असाच सुटला. तिसऱ्या रात्री. त्याच्या वडिलांनी दार उघडून पाहिले तेव्हा तो खेळत नव्हता, वाचत होता.

राहता राहिले आमचे स्वतःचे कार्यालय. येथे सहा संगणक आहेत. हा मजकूर लिहिण्यापूर्वी त्यांतील दोनांवर लिनक्स बसविले. त्यांपैकी एकावर हा अग्रलेख टंकलिखित झाला. उरलेल्या चारांवर पानांची जुळणी होते आणि ती ज्या जुन्या मुद्रण-फॉन्टांच्या आज्ञावलीवर होते, ती फक्त विंडोजवर चालते. गावातील व्यापाऱ्यांची 'टॅली'ची अडचण आणि आमची अडचण एकाच जातीची आहे. गेल्या वीस वर्षांचे अंक त्या फॉन्टांत अडकलेले आहेत. ते युनिकोडमध्ये आणायचे तर जोडाक्षरे तपासायला दोन माणसे वर्षभर बसवावी लागतील. व्यवस्थापकांनी खर्चाचा अंदाज मागितला आहे. तो पुढील बैठकीत ठेवला जाईल.